आफ्रिकन व्हायोलेट, मराठी घरांसाठी : प्रस्तावना

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईच्या नर्सऱ्यांत आफ्रिकन व्हायोलेटच्या छोट्या कुंड्या दिसू लागतात. मखमली पानांचा गोल घेर, मधोमध जांभळ्या, गुलाबी नाहीतर पांढऱ्या फुलांचा झुबका. गुलाबाचं रोप घ्यायला आलेला माणूसही तिथे रेंगाळतो. झाड घरी येतं, दिवाणखान्यातल्या टेबलावर बसतं, महिनाभर फुलतं. मग कळ्या थांबतात, देठ लांबतात, होळीच्या सुमारास पानं लुळी पडतात आणि मे महिन्यात कुंडी रिकामी होते. त्यानंतर घरोघरी एकच निकाल ऐकू येतो : हे झाड आपल्या हवेचं नाही.

हा निकाल मला मान्य नाही, म्हणून हे पुस्तक लिहिलं. आफ्रिकन व्हायोलेट पुण्यात, नाशकात, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये, गोव्याच्या व्हरांड्यात वर्षानुवर्षं जगतं आणि वर्षातले बरेच महिने फुलतं. त्याला बागेतलं झाड समजून वागवलं की मात्र ते मरतं. गुलाब, मोगरा, जास्वंद यांच्यावर पोसलेल्या आपल्या सवयी म्हणजे भरपूर ऊन, भरपूर शेणखत, मोठी कुंडी आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. यातली एकेक सवय या झाडाच्या मुळावर येते.

दुसरी अडचण पुस्तकांची. या झाडावर इंग्रजीत उत्तम लेखन झालेलं आहे, पण ते बहुतांशी अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या घरांसाठी. त्या लेखकांना काळजी असते ती हिवाळ्याची : खिडकीच्या काचेला टेकलेलं पान गारठतं, हीटरने खोलीतली हवा कोरडी पडते, दिवस आठ तासांचा होतो. आपला हिवाळा हा या झाडाचा सगळ्यात सुखाचा काळ. आपल्याला निस्तरायचा असतो तो एप्रिल-मेचा उन्हाळा आणि नंतरचा चार महिन्यांचा ओलसर पावसाळा. परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलला की नेमकं तेच महिने निराधार राहतात.

तेव्हा सुरुवात झाडाच्या मूळ गावापासून करू. टांझानियाच्या ईशान्येला, हिंद महासागराच्या किनाऱ्यापासून फार लांब नसलेल्या उसांबारा पर्वतात आणि त्याच साखळीतल्या उलुगुरू, न्गुरू या डोंगरांत आफ्रिकन व्हायोलेट रानात उगवतं. केनियाच्या आग्नेय कोपऱ्यातही, टैटा टेकड्यांसारख्या मोजक्या ठिकाणी, त्याचे भाऊबंद आहेत. जगात इतरत्र ते कुठेही आपण होऊन उगवत नाही. समुद्राकडून येणारं बाष्प या डोंगरांना अडतं. पूर्व उसांबारात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो दोन हंगामांत वाटलेला असतो : मोठा पाऊस मार्च ते मे, धाकटा ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या काळातही धुकं असतंच. उंच झाडांच्या छताखाली, शेवाळलेल्या खडकांच्या कपारींत, ओढ्याकाठच्या उभ्या दगडांवर ही रोपं चिकटून असतात.

त्या खडकावर माती किती असते? बोटाच्या पेराएवढी, कधी तेवढीही नाही. कुजलेला पाला, शेवाळ, दगडाचा चुरा. पाऊस पडला की पाणी त्यावरून वाहून जातं, साचत नाही. मुळं बारीक केसांसारखी असतात, उथळ पसरतात, आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. डोक्यावर रानाचं छत असल्याने थेट ऊन पडतं ते कवडशापुरतं, पण विषुववृत्ताजवळचा तो सावलीतला उजेडही भरपूर असतो, वर्षभर रोज बारा तासांच्या आसपास. तापमानात मोठे चढउतार नाहीत. पुढे या पुस्तकात उजेड, पाणी, माती आणि कुंडी यांबद्दल जे काही सांगितलं आहे ते सगळं या एका खडकावरून निघालेलं आहे. वाचकाने हा खडक डोळ्यांपुढे ठेवला तर निम्मे नियम पाठ करावे लागणार नाहीत.

असा खडक पाहायला आफ्रिकेत जायची गरज नाही. नावात व्हायोलेट असलं तरी या झाडाचं खऱ्या व्हायोलेटशी नातं नाही. खरं व्हायोलेट म्हणजे व्हायोला : हिवाळ्यात आपल्याकडे वाफ्यांत लावतात त्या पॅन्सी, किंवा युनानी काढ्यातला बनफशा. आफ्रिकन व्हायोलेट जेस्नेरिएसी या वेगळ्याच कुळातलं आहे, आणि त्या कुळाची काही मंडळी सह्याद्रीत राहतात. श्रावणात घाटात गेलात तर पाणी झिरपणाऱ्या कातळावर, सावलीच्या बाजूला, तिरक्या पानांची आणि एका अंगाला ओळीने लटकणाऱ्या निळ्या फुलांची नाजूक रोपं दिसतील. ते ऱ्हिंकोग्लॉसम ऑब्लिक्वम. पावसाळा संपला की ते मरून जातं, आफ्रिकन व्हायोलेट टिकून राहतं, एवढा फरक. पण दोघांच्या जागेची निवड एकाच तऱ्हेची आहे, आणि तो कातळ दोन मिनिटं नीट पाहिला तर कुंडीत काय भरायचं हे समजतं.

युरोपला हे झाड ठाऊक झालं ते वसाहतींच्या काळात. झांझिबारमधले ब्रिटिश अधिकारी जॉन कर्क यांनी १८८४ मध्ये त्याचे नमुने लंडनच्या क्यू उद्यानाकडे पाठवले होते, पण त्यावरून झाडाचं नीट वर्णन झालं नाही. १८९२ मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा भागाचे अधिकारी वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर यांनी ते जर्मनीतल्या आपल्या वडिलांकडे पाठवलं. वडिलांना वनस्पतींचा छंद होता. त्यांनी ते हॅनोव्हरजवळच्या हेरेनहाउझेन राजोद्यानाचे संचालक हेरमान वेंडलँड यांच्याकडे सोपवलं, आणि वेंडलँड यांनी १८९३ मध्ये त्याला सेंटपॉलिया आयोनान्था असं शास्त्रीय नाव दिलं. बापलेकांचं आडनाव असं झाडाला चिकटलं. सव्वाशे वर्षांनी, २०१५ मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही प्रजाती स्ट्रेप्टोकार्पस या मोठ्या प्रजातीत सामील केली. झाडं वाढवणारे लोक मात्र अजूनही सेंटपॉलियाच म्हणतात आणि मीही या पुस्तकात तेच नाव वापरलं आहे.

युरोपात काचघरातलं एक नवलाचं झाड एवढीच त्याची ओळख पुढची तीसेक वर्षं राहिली. त्याला घराघरांत नेलं ते कॅलिफोर्नियाने. लॉस एंजेलिसच्या आर्माकॉस्ट अँड रॉयस्टन या नर्सरीने १९२०च्या दशकात जर्मनी आणि इंग्लंडमधून बी मागवलं, त्यातून उगवलेल्या रोपांतून पारख करत शेवटी दहा वाण निवडले. ‘ब्लू बॉय’ हा त्यातला सर्वांत गाजलेला. आज बाजारात दिसणाऱ्या हजारो वाणांच्या वंशावळीत ही दहा नावं जागोजागी सापडतात. पुढे ‘ब्लू बॉय’मधूनच पानाच्या बुडाशी फिकट ठिपका असलेला एक वाण निघाला, त्याचं नाव ‘ब्लू गर्ल’. तेव्हापासून तशा ठिपक्याच्या पानाला ‘गर्ल’ पान आणि साध्या पानाला ‘बॉय’ पान म्हणायची रीत पडली. नवख्या माणसाला हे नर-मादीचं प्रकरण वाटतं, तसं काही नाही. प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन घरांत ट्यूबलाइट आली आणि खिडकी नसलेल्या तळघरांतही फुलं येऊ लागली. १९४६ मध्ये अटलांटात पहिलं प्रदर्शन भरलं, त्याच वर्षी आफ्रिकन व्हायोलेट सोसायटी ऑफ अमेरिका ही संस्था स्थापन झाली. नव्या वाणांची जागतिक नोंदणी आजही तिच्याकडेच होते. न्यूयॉर्क राज्यातल्या डॉल्जव्हिलचे लिंडन लायन आणि जर्मनीतले होल्टकांप कुटुंब यांनी दुहेरी पाकळ्या, ताऱ्याच्या आकाराची फुलं, चटकन न गळणारा बहर असं एकेक वैशिष्ट्य रुजवलं. आता या छंदाचं मोठं केंद्र रशिया आणि युक्रेनमध्ये आहे. आपल्याकडचे विक्रेते ऑनलाइन यादीत ‘एलई’ किंवा ‘ईके’ अशा अक्षरांनी सुरू होणारी नावं देतात. त्यातलं पहिलं युक्रेनच्या एलेना लेबेत्स्काया यांच्या वाणांचं चिन्ह, दुसरं रशियाच्या एलेना कोर्शुनोवा यांच्या. इतकं सगळं होऊनही लखलखीत पिवळं फूल अजून कोणाला जमलेलं नाही. १९९०च्या सुमारास पांढऱ्यावर पिवळी छटा आणण्यापर्यंत मजल गेली, ती तिथेच आहे.

आता घरातल्या गोष्टी. सर्वांत आधी उजेड, कारण झाड फुलत नाही या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा उजेडच असतो. आपल्या डोळ्यांना दिवाणखाना लख्ख वाटतो, पण खिडकीपासून सहा फुटांवरचा उजेड या झाडाला उपासमारीसारखा असतो. ते मरत नाही, नुसतं जगतं. देठ लांब होतात, पानं हात वर केल्यासारखी उभी राहतात, कळी येत नाही. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली, सकाळचं कोवळं ऊन तासभर पडलं तरी चालतं. उत्तरेची खिडकीही आपल्याकडे पुरते. पश्चिम आणि दक्षिण खिडकीला पातळ पांढरा पडदा हवाच. उजेड फार झाला तर पानं पिवळट होतात, मधली नवी पानं आखडून एकमेकांत घुसतात. फ्लॅटच्या ग्रिलमध्ये झाड ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की जून महिन्यात ढगांमुळे उजेड एकदम घसरतो आणि ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे सरकल्याने ऊन आतवर शिरतं. म्हणजे एकच जागा बारा महिने सारखी नसते.

ज्यांच्याकडे अशी खिडकी नाही त्यांनी सरळ एलईडी ट्यूब लावावी. साधी पांढरी ट्यूब पुरते, जांभळ्या प्रकाशाच्या महागड्या दिव्यांची गरज नाही. ट्यूब आणि झाड यांत वीत-सव्वा वीत अंतर, रोज बारा तास उजेड आणि रात्री किमान आठ तास पूर्ण अंधार. अंधाराचे हे तास न चुकता पाळावेत, फुलं येण्यासाठी तेही लागतात. उजेड एकाच बाजूने येत असेल तर कुंडी दर तीन-चार दिवसांनी पाव फेरा फिरवायची, म्हणजे पानांचा घेर गोल राहतो. प्रदर्शनात झाडाला गुण मिळतात ते फुलांबरोबर या गोलाईचेही.

पाण्याबद्दल मला सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं, कारण आपल्या घरांतली बहुतेक झाडं तहानेने मरत नाहीत. ती बुडून मरतात. कोकोपीट चिंब राहिलं की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी शिरते, मुळं तपकिरी होऊन सडतात. मुळंच नसल्यामुळे पानं लुळी पडतात, आणि पानं लुळी दिसली की घरातलं कोणीतरी कळवळून अजून पाणी घालतं. इथे झाड संपतं. पान लुळं दिसलं तर आधी कुंडी उचलून पाहावी. हलकी असेल तर तहान आहे. जड असेल तर पाणी थांबवावं, झाड अलगद बाहेर काढून सडलेली मुळं कापावीत आणि नव्या कोरड्या मिश्रणात लावून वर प्लास्टिकच्या पिशवीचं झाकण घालावं. मुळं नसलेल्या रोपाला हवेतला दमटपणा तगवून धरतो.

नेहमीची रीत सोपी आहे. वरचं मिश्रण बोटाला कोरडं लागलं की कुंडी बशीत ठेवून बशीत पाणी घालायचं आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं. महिन्यातून एकदा मात्र वरून भरपूर पाणी सोडून खतांचे साचलेले क्षार धुवून काढायचे. पाणी खोलीतल्या हवेइतकंच कोमट-गार असावं. फ्रिजचं किंवा हिवाळ्यातल्या पहाटेचं नळाचं गार पाणी पानावर पडलं तर तापमान अचानक उतरल्याने पानाच्या वरच्या थरातल्या पेशी मरतात आणि पांढरट-पिवळे वेडेवाकडे डाग उमटतात. लोक त्याला रोग समजून औषध फवारतात. तो रोग नाही, आणि ते डाग जातही नाहीत. पान धुवायला हरकत नाही, पण कोमट पाण्याने, आणि सुकेपर्यंत उन्हात ठेवायचं नाही. रोजची धूळ काढायला मऊ ब्रश पुरतो.

ज्यांना प्रवास करावा लागतो किंवा ज्यांच्याकडे खूप कुंड्या आहेत त्यांच्यासाठी वातीची पद्धत आहे. समईत वात तेल वर ओढते तसंच इथे कुंडीच्या भोकातून खाली सोडलेला धागा डब्यातलं पाणी वर ओढतो. धागा नायलॉनचा किंवा अॅक्रिलिकचा हवा, सुती धागा काही आठवड्यांत कुजतो. आणि वात लावायची असेल तर कुंडीतल्या मिश्रणात निम्मं परलाइट हवं. नुसत्या कोकोपीटला वात लावली की ते कायम चिंब राहतं, आणि मग वर सांगितलेली सगळी कहाणी घडते.

मिश्रणाचं माझं प्रमाण कोकोपीट, परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट सारखं. बागेतली माती नको, विशेषतः आपली काळी माती तर अजिबात नको. ओली झाली की घट्ट बसते, सुकली की भेगाळते, आणि या मुळांचा श्वास कोंडतो. कोकोपीट विकत आणलं की दोन-तीनदा पाणी बदलून धुवायचं, कारण नारळाच्या सोडणात क्षार असतात आणि किनारपट्टीवरच्या मालात ते अधिक असतात. गांडूळखत चमचाभर चालतं. शेणखत नको. खत म्हणून बाजारात मिळणारं १९:१९:१९ लिटरभर पाण्यात पाव ग्रॅमपेक्षा कमी, पण नेमाने. महिन्यातून एकदा चमचाभर खत घालून मोकळं होण्याची सवय इथे उपयोगी नाही. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी निम्मं मिसळावं. जड पाण्याने मिश्रण हळूहळू अल्कधर्मी होतं, नवी पानं फिकट येतात आणि खत घालूनही सुधारत नाहीत.

कुंडी पानांच्या घेराच्या एक तृतीयांश. एक फूट घेराच्या झाडाला चार इंची कुंडी. हे ऐकून लोकांना झाडाची दया येते आणि ते मोठी कुंडी आणतात. मग झाड मुळांनी ती भरण्यात वर्ष घालवतं, रिकामं मिश्रण ओलं राहतं, फुलं येत नाहीत. सहा इंचांच्या आत मावणारे छोटे वाण मिळतात, त्यांना तर दोन-अडीच इंची कुंडी पुरते. मुंबईच्या खोलीत हे छोटे वाण मला फार योग्य वाटतात : हातभर फळीवर डझनभर झाडं बसतात. प्लास्टिकची कुंडी बरी. मातीच्या कुंडीच्या काठावर क्षार जमतात आणि त्यावर टेकलेले देठ गळतात.

ऋतूंचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठं आहे आणि ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. या झाडाला अठरा ते सव्वीस अंश तापमान आवडतं. तीस ओलांडलं की फुलांचा आकार घटतो, त्याच्यावर सतत राहिलं तर कळ्या उघडण्याआधी सुकतात. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत देशावर आणि मुंबईत हे गणित आपोआप जमतं. या दिवसांत खत, पुनर्लागवड, पानापासून नवी रोपं, सगळं करून घ्यावं. मार्चपासून पवित्रा बदलायचा. खत निम्मं, मग बंद. कळ्या दिसल्या तरी खुडायच्या, म्हणजे झाड आपली शक्ती राखून ठेवतं. कुंड्या घरातल्या सर्वांत गार खोलीत, शक्यतो जमिनीलगत न्यायच्या, कारण गरम हवा वर चढते. पसरट ताटात खडे आणि पाणी घालून कुंड्या खड्यांवर ठेवल्या तर भोवतालची हवा ओलसर राहते, फक्त कुंडीचं बूड पाण्याला लागू नये. नागपूर-अकोल्याकडे, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला भिडतो, तिथे कूलरच्या खोलीशिवाय गत्यंतर नाही. पण कूलरचा झोत थेट झाडावर नको. विदर्भात हे झाड वर्षभर फुलवण्याचा हट्ट धरू नये असं माझं मत आहे. उन्हाळा तगवून न्यायचा आणि नोव्हेंबरात बहर घ्यायचा, एवढं पुष्कळ झालं.

पावसाळ्याची परीक्षा वेगळी. कोकणात आणि गोव्यात हवा इतकी ओली असते की मिश्रण आठ-आठ दिवस सुकत नाही. वाती काढून टाकाव्यात, कुंड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवावं, पंखा मंद चालू ठेवावा. हवा खेळती नसली की पानांवर आणि फुलांच्या देठांवर भुरी येते, पिठासारखी पांढरी. पावसाळ्यात उजेडही कमी असतो, म्हणून जून ते सप्टेंबर ट्यूबचा आधार देणारे लोक वर्षभर सर्वांत देखणी झाडं ठेवतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

आणि मग या झाडाची सर्वांत आनंदाची गोष्ट : एका पानापासून नवं झाड. घेरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीचं निरोगी पान घ्यायचं, देठ इंच-दीड इंच ठेवून तिरका कापायचा आणि ओलसर मिश्रणात खोचून वर पारदर्शक डबा पालथा घालायचा. महिन्याभरात मुळं फुटतात. दोन-तीन महिन्यांत देठाच्या बुडाशी उंदराच्या कानाएवढी इवली पानं वर येतात. ती रुपयाच्या नाण्याएवढी झाली की वेगळी करायची. पान लावल्यापासून साधारण नऊ-दहा महिन्यांत पहिलं फूल. मुलांना झाडं लावायला शिकवायची असतील तर माझ्या मते याहून चांगला धडा नाही, कारण रोज पाहण्यासारखं काहीतरी घडत असतं आणि हाताला माती फारशी लागत नाही.

याला एक अपवाद आहे. पाकळीवर मधोमध पट्टा असलेली, भिंगरीसारखी दिसणारी जी फुलं असतात त्यांच्या झाडांत दोन वेगळ्या जनुकांच्या पेशींचे थर एकावर एक बसलेले असतात. पानातून उगवणारं रोप सहसा एकाच थरातल्या पेशींपासून तयार होतं, त्यामुळे थरांची ती रचना मोडते आणि फूल एकरंगी येतं. अशा वाणाचं नवं झाड हवं असेल तर फुटवा लावावा लागतो. विक्रेता त्याचं पान विकत असेल तर घेऊ नये. बाकी वाणांत मात्र फुटवा हा शत्रू : पानांच्या बेचक्यात दुसरा शेंडा दिसला की पेन्सिलच्या टोकाने काढून टाकायचा, नाहीतर घेर विस्कटतो आणि फुलं कमी होतात.

किडींचं प्रकरण मी थोडक्यात ठेवलं आहे. पिठ्या ढेकूण, फुलकिडे आणि डोळ्यांना न दिसणारा कोळी, हे तीनच मुख्य. जांभळ्या पाकळीवर पिवळी पूड सांडलेली दिसली तर फुलकिडे परागकोश फोडत आहेत असं समजावं. मधली पानं आखडून राखाडी आणि केसाळ झाली तर कोळी. कोळी झालेलं झाड मी टाकून द्यायला सांगते. एका झाडाच्या मायेपोटी पूर्ण फळी गमावण्यात अर्थ नाही. नवं झाड किंवा पान आणलं की महिना-दीड महिना दुसऱ्या खोलीत ठेवावं, निम्मी औषधं विकत घ्यावी लागणार नाहीत.

आपल्या खिडक्यांत कोट्यवधींनी पसरलेलं हे झाड त्याच्या मूळ घरी मात्र संकटात आहे, हेही वाचकाला ठाऊक असावं. उसांबाराची जंगलं शतकभर चहासाठी, शेतीसाठी, लाकडासाठी तुटत आली. झाडांचं छत गेलं की खडकावर ऊन पडतं, शेवाळ सुकतं आणि त्यावरची रोपं जातात. रानातले अनेक प्रकार एखाद-दुसऱ्या डोंगरापुरतेच उरले आहेत. पूर्व उसांबारात १९९७ पासून अमानी हे राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे काही ठिकाणं वाचली. आपल्या घाटांतले झिरपते कातळही रस्त्यांच्या रुंदीकरणात आणि बांधकामांत असेच जात आहेत. श्रावणात तिथे गेलात तर ती निळी फुलं पाहा, पण उपटून घरी आणू नका. ती कुंडीत जगत नाहीत.

शेवटी वाचकांना एक विनंती. आपल्याकडे या झाडांचा प्रसार बहुतांशी पानांच्या देवघेवीतून होतो, मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे, मावशीकडून भाचीकडे. या देवघेवीत वाणाचं नाव हरवतं, आणि एकदा हरवलेलं नाव फुलावरून खात्रीने सांगता येत नाही, कारण एकसारखे दिसणारे वाण शेकड्यांनी आहेत. नाव नसलेल्या झाडाची ना प्रदर्शनात नीट नोंद होते, ना पुढच्या माणसाला ते छोटं आहे की मोठं, पानापासून जमेल की फुटव्यापासून, हे कळतं. म्हणून पान देताना श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाची एक पट्टी कापा, त्यावर न पुसणाऱ्या पेनाने वाणाचं नाव आणि लावल्याची तारीख लिहा, आणि ती पट्टी पानाबरोबर द्या. पहिलं झाड घेणार असाल तर मे महिन्यात घेऊ नका, नोव्हेंबरात घ्या.